तुझं खाली की माझं

नायक हे आडनाव वाचून मी निर्धास्त झाले होते. एम.एस्सी.च्या चौकशीसाठी पहिल्यांदा सुरतच्या कॉलेजातल्या जीवरसायन विभागात गेले, तेव्हा दारावरच्या पाटीवर चार नावं होती आणि त्यातलं हे एकच मला आपलं वाटलं. दोंडाईच्याला आमच्या गल्लीतच नायकांची दोन घरं होती. मी दार ढकललं आणि मराठीतच विचारलं, "नायक सर आहेत का?"

आत टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात खेळाडूंचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर नथी, बेन छे. चालशे?"

सरोजबेन नायक. दक्षिण गुजरातेतल्या अनाविल ब्राह्मणांत नायक असतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी दारातच थांबले. मला गुजराती येत नव्हतं आणि इंग्रजी फक्त वाचता येत होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मामा डिंडोलीला राहून लूमवर काम करायचा, त्याच्या दोन खोल्यांत मला झोपायला जागा होती, म्हणून सुरत. एवढाच माझा हिशेब होता. बेननी माझी गुणपत्रिका पाहिली, मग मला पाहिलं आणि 'दीकरा' म्हणून समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं. गुजरातीत मुलीलाही लाडानं दीकरा म्हणतात. मी मात्र बरेच दिवस समजत होते की बेन माझं नाव विसरतात.

त्यांच्या बुटांची चौकशी प्रत्येक नवी तुकडी करायची. तरुणपणी कधीतरी ॲसिडची बाटली फुटून चपलेतल्या पायावर शिंतोडे उडाले होते, तेव्हापासून बेन प्रयोगशाळेत बुटाशिवाय आल्या नाहीत. पुढे त्याच बुटांनी लग्नकार्यालाही जाऊ लागल्या. "पग तो एना ए ज छे ने," असं म्हणायच्या. पाय तर तेच आहेत.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला माझी फजिती झाली. प्रथिनं मोजायची होती. परीक्षानळ्यांत द्रावणं घालायची, जांभळा रंग येतो, तो जितका गडद तितकं प्रथिन जास्त. हा रंग कलरीमीटर नावाच्या यंत्रात मोजायचा. मी सगळ्या नळ्या भरून स्टँडमध्ये लावल्या. बेन मागून जाता जाता म्हणाल्या, "पहेलां खाली मूक." एवढं गुजराती मला कळलं असं वाटलं. पहिल्यांदा खाली ठेव. मी स्टँड उचलला आणि टेबलाखाली फरशीवर ठेवला. वर ठेवण्यात काहीतरी धोका असावा.

थोड्या वेळानं बेन परत आल्या. टेबलावर काहीच नाही. "नळ्या कुठे?" मी फरशीकडे बोट दाखवलं. "आ नीचे केम मूक्युं?" मी म्हणाले, "बेन, तुम्हीच म्हणालात, खाली."

बेन इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. ज्या नळीत तपासायचा नमुना घालत नाहीत, तिला त्या 'खाली' म्हणत. यंत्रात आधी ती ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि मग बाकीच्या नळ्या मोजायच्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी ती नळी उजेडात धरली आणि मला विचारलं, ही रिकामी आहे का? नव्हती. तिच्यात पाणी होतं, रंग आणणारं द्रावण होतं, सगळं बाकीच्या नळ्यांसारखंच होतं. "बधुं छे," बेन म्हणाल्या, "एक ज वस्तु नथी. जे मापवुं छे ते." सगळं आहे, मोजायचं तेवढंच नाही. ही नळी नीट नसेल तर पुढचं एकही मोजमाप खरं नाही.

त्या दिवसापासून आमच्या दोघींत हा शब्द घट्ट झाला. मी काही बोलताना 'खाली' म्हटलं की त्या थांबवून विचारायच्या, "तारुं खाली के मारुं?" तुझं की माझं? मग मी सांगायचं. वर्गातल्या सुरती मुली यावर हसायच्या आणि मीही हसायला शिकले.

शिकवताना बेनची एक अट होती. गोखवानुं नहीं, दोरवानुं. घोकायचं नाही, काढायचं. तास सुरू झाला की त्या कुणाच्याही हातात खडू देत आणि सायट्रिक ॲसिडचं चक्र फळ्यावर काढायला लावत. स्वतः बाकांमधून फिरत. कुणी अर्ध्यावर अडकलं तर रागवायच्या नाहीत. "आपणो रिंग रोड अधूरो छे," एवढंच म्हणायच्या, "आ पूरो छे." आपला रिंग रोड अर्धवट आहे, हा पूर्ण आहे, फिरत राहा, बाहेर पडायची जागा सापडेल. पुढे मामासोबत कापड मार्केटकडे गेले की रिंग रोडवरच्या टेम्पोंच्या गर्दीत मला प्रत्येक चौकात एकेक आम्ल उभं दिसायचं.

हिवाळ्यात त्या पोंक आणायच्या. पोंक म्हणजे ज्वारीचे कोवळे भाजलेले दाणे. सुरतेत त्या दिवसांत शेव आणि लिंबाबरोबर सगळीकडे मिळतात. मी म्हणाले, बेन, आमच्याकडे याला हुरडा म्हणतात आणि आमचा जास्त गोड असतो. वर्गात लगेच दोन तट पडले. बेननी वाद मिटवला नाही. "नाव काहीही दे, आयोडीन टाकून बघ," म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात मी गावाकडून आलेल्या पाहुण्याकरवी हुरडा मागवला. दोन्हींत आयोडीन घातलं. ज्यात साखरेचा स्टार्च झाला होता ते दाणे निळेकाळे झाले. माझा हुरडा एक दिवस रेल्वेत बसून आला होता, तो जास्त काळा पडला. "तारो हुरडो मुसाफरीमां घरडो थयो," बेन म्हणाल्या. प्रवासात म्हातारा झाला. उरलेले दोन्ही प्रकार आम्ही खाऊन टाकले, अर्थात आयोडीन न घातलेले.

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग दुसऱ्या सहामाहीत एक अडचण आली.

आमचा अभ्यासक्रम नवा होता. जीवरसायन, रेण्वीय जीवशास्त्र आणि पेशीविज्ञान असे तीन मोठे विषय. पहिला बेनचा हातखंडा. पेशीविज्ञानाला एक प्राध्यापक होते. रेण्वीय जीवशास्त्राला, म्हणजे डीएनए कसा वाचला जातो, कसा उतरवला जातो, त्याची प्रत कशी निघते या विषयाला मात्र विभागात कुणीच नव्हतं. दर शनिवारी बडोद्याहून मेहुल नावाचे तरुण सर सकाळच्या गाडीनं येत, तास घेत आणि संध्याकाळी परत जात. वर्षअखेरीस मंजुरीच्या पाहणीसाठी समिती येणार होती आणि तिची अट स्पष्ट होती. हा विषय शिकवणारा, प्रयोगासह शिकवणारा, स्वतःचा शिक्षक विभागाकडे नसेल तर इथला एम.एस्सी.चा वर्ग बंद. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वर्षी बडोद्याला जावं.

सुरती मुलींपैकी काहींची जायची तयारी होती. माझ्यासाठी बडोदा म्हणजे शिक्षणाचा शेवट होता. तिथे मामा नव्हता. मी हे कुणाला बोलले नाही, पण बेननी एक दिवस सहज विचारलं, बडोद्यात तुमचं कुणी आहे का? मी नाही म्हणून मान हलवली. 

त्या शनिवारी आम्ही वर्गात बसलो होतो. मेहुलसर फळा पुसत होते. बेन आल्या, सरळ तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून नवी वही काढली. मेहुलसर हातात डस्टर धरून तसेच उभे. ते बेनचेच जुने विद्यार्थी होते. "बेन, तुम्ही?" बेन म्हणाल्या, "चालू करो, सर."

बेनच्या काळात या विषयाचा पुस्तकात एकच धडा असायचा. पंचवीस वर्षं एन्झाइम शिकवलेल्या बाईंनी तो पहिल्यापासून शिकायला घेतला. वर्गात त्या मेहुलला 'सर' म्हणायच्या, तास संपून दाराबाहेर पडलं की "मेहुल, खाधुं के नहीं?" जेवलास की नाही? त्यांचा स्वतःचा नियम होता की तास सुरू झाल्यावर कुणी आत यायचं नाही, कुणाला बाहेर बोलवायचं नाही. एकदा प्राचार्यांनी त्यांना बोलावलं तर शिपायाला सांगून पाठवलं, क्लासमां छुं. वर्गात आहे. शंका असली की हात वर न करता पेन उभं धरायच्या, अगदी चेहऱ्यासमोर, देवापुढे उदबत्ती धरावी तसं. आणि शंका पुष्कळ असायच्या. सुरुवातीला मेहुलसरांना घाम फुटायचा. मग आमच्या लक्षात आलं की आम्हाला न सुचणारे किंवा विचारायला लाज वाटणारे सगळे प्रश्न त्याच विचारतायत. महिनाभरात आमचीही पेनं वर होऊ लागली.

एका गोष्टीवर त्या फार दिवस अडल्या. डीएनएची प्रत निघताना दोन धागे उलगडतात. एका धाग्यावर प्रत सलग निघते, दुसऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी. का तुकडे? मेहुलसरांनी तीनदा सांगितलं. बेन तीनदा 'हं' म्हणाल्या, पण त्यांचा तो 'हं' आम्हाला ओळखू यायचा. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "दीकरा, तने समजायुं?" मी म्हणाले, थोडं. "तो मने समजाव."

आजवर मला कुणी काही समजावून सांग म्हणून सांगितलं नव्हतं. घरी मी शिकलेली म्हणून सगळे लांब राहत आणि कॉलेजात खेड्यातली म्हणून. मला इंग्रजी शब्द सुचेनात. मग मामी आठवली. ती घरी बसून मार्केटच्या साड्यांना लेस लावायची. मी बेनच्याच पदराचा काठ धरला आणि सांगितलं, हा धावदोरा. सुई पुढे पुढे जाते, दोरा सलग. आणि ही उलटी टीप. कापड पुढे सरकतंय, पण सुईला मात्र मागच्याच दिशेनं जाता येतं. मग ती काय करेल? थोडं पुढे उडी मारायची, मागे येत एक टाका घालायचा. परत पुढे उडी, परत मागे टाका. म्हणून तुकडे. शेवटी सगळे टाके जोडले की शिवण एकच.

बेन काठाकडे बघत राहिल्या. त्यांनी बोटानं हवेत दोन टाके घातले. मग त्यांचा खरा 'हं' आला.

घरी मामीला सांगितलं की तुझ्या टाक्यांवरून आज मोठ्या बेनना धडा समजला. ती दात घासत होती. म्हणाली, "मंग मन्हं नाव बी टाकजो पुस्तकमा."

पहिली चाचणी झाली. बेननी आमच्याबरोबर बसून पेपर लिहिला. मेहुलसर गुण वाचून दाखवत, पण त्या दिवशी त्यांनी यादीतलं शेवटचं नाव गाळलं. बेननी पेन उभं धरलं. "सर, एक बाकी छे." सरांनी खाली मान घालून वाचलं, पन्नासपैकी बावीस. वर्गात सगळ्यांत कमी. कुणाला कुठे बघावं कळेना. बेनना मात्र काही वाटल्याचं दिसलं नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हुं तो हजी खाली छुं. बधुं छे, एक ज वस्तु नथी." मी तर अजून ती खाली नळीच. मग पेपर घडी करून वहीत ठेवला. शेवटच्या चाचणीत त्यांना एक्केचाळीस मिळाले. त्या दिवशी त्यांनी वर्गाला घारी, सुरतची तुपातली मिठाई, खाऊ घातली, तूप हातावरून ओघळेपर्यंत.

समितीचा दिवस आला. तिघेजण होते, तिघेही बाहेरगावचे. त्यांच्यासमोर बेननी तास घ्यायचा होता आणि डीएनएचे तुकडे वेगळे करून दाखवायचे होते. पाणी भरलेल्या एका पेटीत, दोन काचांच्या मधे, जेलीसारखा पातळ थर उभा असतो. वरच्या खाचांमध्ये निळा रंग मिसळलेला डीएनए सोडायचा आणि वीज लावायची. डीएनए त्या जेलमधून हळूहळू खाली उतरतो. लहान तुकडे लवकर, मोठे मागून. एक खाच नमुन्याशिवाय ठेवतात. ती बेनची खाली. मेहुलसर मुद्दाम आले होते, पण बेननी त्यांना व्हरांड्यात थांबवलं. "तू समोर असलास तर मी तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईन," म्हणाल्या.

बेननी आपल्या हातानं नमुने घातले, वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि मला पेटीजवळ उभं करून त्या फळ्याकडे गेल्या. आवाज नेहमीचाच होता. फक्त खडू दोनदा तुटला. अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. मी निळ्या रंगाकडे बघत होते. तो हलला. पण खाली उतरायच्या ऐवजी खाचांमधून वर येऊ लागला, बादलीत नीळ सोडावी तशी एक निळी रेघ वरच्या पाण्यात पसरायला लागली.

वायरी उलट्या लागल्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळा नमुना पाण्यात जाऊन जेल कोरं राहिलं असतं आणि त्याबरोबर आमचं दुसरं वर्षही. मला सांगायचं होतं, पण पाहुण्यांसमोर इंग्रजी शब्द एकही येईना. हिंदीही येईना. तोंडून निघालं ते घरचंच.

"बेन, खाली जात नाही."

समितीतले एक गृहस्थ गुजराती जाणणारे असावेत. ते मान डोलावत म्हणाले, "खाली में क्या जाएगा, खाली तो खाली रहेगा." बाकीचे दोघे हसले. बेन हसल्या नाहीत. खडू हातात तसाच धरून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तारुं खाली के मारुं?"

"माझं, बेन."

त्या भरभर चालत आल्या, कॅनव्हासच्या बुटांचा आवाजही झाला नाही. बटण बंद केलं. एकदा पाण्यात पसरलेल्या निळ्याकडे पाहिलं, वायरी काढून त्यांची अदलाबदल केली. मग अध्यक्षांकडे वळून सरळ सांगितलं, "मैंने उल्टा लगा दिया था. बच्ची ने देख लिया. दोबारा डालना पड़ेगा, आप तब तक चाय लीजिए."

अध्यक्ष जरा गंभीर झाले. त्यांनी विचारलं, हा विषय तुम्ही किती दिवस शिकवताय?

"अभी तो पढ़ रही हूँ," बेन म्हणाल्या. "इन्हीं के साथ. पहले टेस्ट में बाईस आए थे, पिछले में इकतालीस."

 व्हरांड्यात मेहुलसरांनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. बेननी पिपेट माझ्या हातात दिली आणि स्वतः खाचा धुऊन दिल्या. या वेळी नमुने मी भरले. वीज लागली. निळी रेघ थरथरली आणि सावकाश, सगळ्या खाचांमधून एकाच वेळी, खाली निघाली. माझंच खाली. अध्यक्षांनी चहा तिथेच उभ्यानं प्यायला आणि खुर्ची ओढून पेटीसमोर बसले.

तासाभरानं जेल रंगवून उजेडावर धरलं तेव्हा रेघा स्वच्छ आल्या होत्या. अध्यक्ष बोट दाखवून मोजायला लागले. बेननी त्यांना थांबवलं. "पहले खाली देखिए," म्हणाल्या. त्यांनी पाहिलं. त्या पट्ट्यात काही नव्हतं, जसं असायला हवं होतं तसंच. "अब बाकी देखिए."

जाताना अध्यक्षांनी मेहुलसरांना विचारलं म्हणे, या बाईंना तुम्ही शिकवलंत का? सर म्हणाले, हो, पण आधी त्यांनी मला.

मंजुरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली. दुसऱ्या वर्षी तो विषय बेननी शिकवला. जिथे त्यांना येत नव्हतं तिथे त्या तसं सांगत आणि पुढच्या तासाला वाचून येत. उलट्या टिपेचा धडा आला तेव्हा त्यांनी पदराचा काठ धरून दाखवला आणि वर्गाला सांगितलं, हे डिंडोलीच्या मामींचं आहे. मी ते घरी जाऊन सांगितलं. मामीनं हातातली साडी बाजूला ठेवली आणि परत एकदा सांगायला लावलं.

मी एम.एस्सी. झाले. बारडोलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे मी रोज सकाळी यंत्रात आधी खाली ठेवते. नव्या मुलांना मीच शिकवते, पण मराठी मुलगा असेल तर आधी विचारून घेते, खाली म्हणजे काय समजलास.

बेनना मी शेवटचं पाहिलं त्यालाही बरीच वर्षं झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या निवृत्त झाल्याचं कानावर होतं, भेटायला जायचं राहत होतं. मी मामीसाठी काही घ्यायला सुरतेत गेले होते आणि परतीच्या बससाठी चालले होते. रस्त्यालगत एका इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरचे वर्ग निघाले होते, तेव्हा ते सगळीकडे निघत होते. काचेचं दार, आत ओळीनं मुलं, पुढे विशीतला एक पोरगा फळ्यावर काहीतरी लिहीत होता. तिसऱ्या ओळीत पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसला. मी थांबले. टेबलाखाली कॅनव्हासचे बूट होते.

मी दाराच्या मुठीला हात लावला आणि काढून घेतला. तास चालू होता. तास चालू असताना आत जायचं नाही, बाहेर बोलवायचं नाही. मी काचेबाहेर उभी राहिले. शेजारच्या पोरीच्या वहीत डोकावून बेननी काहीतरी विचारलं, तिनं खांदे उडवले. दोघी हसल्या. मग बेननी वहीवर पेन ठेवलं, परत उचललं आणि चेहऱ्यासमोर उभं धरलं.

फळ्याजवळचा पोरगा लिहिता लिहिता थांबला आणि वळला.